उत्तर कोरे असले तरी पोच हवी: डब्ल्यूएसडीएल लिहिताना या चुका टाळा

बेळगाव, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातील साखर कारखाने आणि पतसंस्था यांच्या संगणकप्रणाली एकमेकींना जोडण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. यातील पुष्कळ जोडण्या आजही सोप सेवांवर, म्हणजे ठरावीक साच्यातले एक्सएमएल संदेश पाठवणाऱ्या सेवांवर, चालतात. नव्याने रुजू झालेली मुले डब्ल्यूएसडीएल या भाषेत सेवेचे वर्णन लिहू लागली की, ज्या ऑपरेशनमधून (सेवेच्या एखाद्या कामातून) परत काहीच पाठवायचे नसते तिथे हमखास चुकतात, आणि तीच चूक मी दर हंगामात दुरुस्त करीत असतो.

ती चूक म्हणजे आउटपुटची, म्हणजे परत जाणाऱ्या संदेशाची, ओळ खोडणे. 2001 सालच्या डब्ल्यूएसडीएल 1.1 नुसार ऑपरेशनमध्ये फक्त इनपुट असेल तर ते एकतर्फी ठरते, आणि आधी इनपुट व मग आउटपुट असेल तर ते विनंती-प्रतिसाद प्रकारचे ठरते. प्रतिसादात एकही माहिती नसली तरी तो प्रतिसादच असतो, कारण काम फसले तर फॉल्ट, म्हणजे काय चुकले ते सांगणारा संदेश, त्याच वाटेने परत येतो. एकतर्फी ऑपरेशनमध्ये फॉल्ट जाहीर करण्याची सोयच नाही. डब्ल्यूएस-आय बेसिक प्रोफाइल 1.1 या अशा सेवांसाठीच्या नियमावलीत तर स्पष्ट बजावले आहे की, एकतर्फी विनंतीला दोनशेच्या घरातील एचटीटीपी कोड आला म्हणून संदेश योग्य होता किंवा त्यावर पुढे काम होईल, असे पाठवणाऱ्याने समजू नये.

चिकोडी भागातील एका कारखान्यात नेमके हेच घडले. वजनकाट्यावरची प्रत्येक नोंद मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरकडे जात असे आणि परत काही येण्याची गरज नव्हती, म्हणून आमच्यातल्या एका उतावळ्या मुलाने आउटपुट काढून टाकले. चाचणीत सेवा झटपट चालली आणि सगळे खूश झाले. गळीत हंगाम सुरू झाल्यावर काही सभासदांचे क्रमांक बदलले, सर्व्हरला जुने क्रमांक सापडेनात आणि तो त्या नोंदी नाकारू लागला. काट्याच्या लॉगमध्ये मात्र ओळीमागून ओळ एकच होती: स्टेटस 202 (म्हणजे संदेश स्वीकारला, एवढेच), लांबी शून्य. तीन दिवसांनी एक शेतकरी घामाने मऊ पडलेली पावती घेऊन कार्यालयात आले. पावतीवर 17.420 टन स्वच्छ छापलेले होते आणि खात्यावर काहीच नव्हते. “पावती माझ्या हातात हाय, मग ऊस कुठं गेला हो साहेब?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या दोन रात्री आम्ही पावत्यांच्या स्थळप्रती पुढ्यात घेऊन एकेक नोंद हाताने भरली.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा आहे की वर्णनाची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडायची, आउटपुट नसलेले प्रत्येक ऑपरेशन शोधायचे आणि हा संदेश हरवला तर कोणाचे नुकसान होईल का, हे विचारायचे. होत असेल तर आउटपुट हवेच: मेसेजमध्ये एक पार्ट (भाग), तो पार्ट एका एलिमेंटकडे (एक्सएमएलमधील घटकाकडे) बोट दाखवणारा, आणि त्या एलिमेंटच्या आत रिकामा सिक्वेन्स (उपघटकांची क्रमवार यादी). सोबत फॉल्टही जाहीर करायचा. मग सोपयूआय या चाचणीच्या साधनातून मुद्दाम चुकीचा सभासद क्रमांक पाठवायचा आणि फॉल्ट 500 कोडसह खरोखर परत येतो का, हे कच्च्या एक्सएमएलमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. जावामध्ये पद्धत (मेथड) व्हॉइड आहे, म्हणजे काहीच परत देत नाही, एवढ्यावरून तिला वनवे ॲनोटेशन (एकतर्फी असल्याची खूण) लावणे हीच चूक दुसऱ्या दाराने आत घेते. ते न लावलेल्या व्हॉइड पद्धतीला रिकामे प्रतिसाद-एलिमेंट आपोआप मिळते.

काही जण आउटपुट ठेवतात, पण त्याच्या मेसेजमध्ये एकही पार्ट ठेवत नाहीत. हे नियमबाह्य नाही. डॉक्युमेंट-लिटरल या संदेशशैलीत अशा वेळी सोपची बॉडी, म्हणजे संदेशाचा मुख्य भाग, पूर्ण रिकामी जाते. परंतु जॅक्स-डब्ल्यूएस या जावातील वेब सेवांच्या मानकाची रॅपर शैली इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे एकेकच पार्ट मागते, त्यामुळे निर्माण होणाऱ्या क्लायंटमधील पद्धतीचे रूप बदलते आणि मुले दिवसभर क्लायंटच्या कोडमध्ये दोष शोधत बसतात. वाचवलेल्या दोन ओळींची ही किंमत मला मान्य नाही.

रिकामे उत्तर आले की ‘नल’ (उत्तरच नाही) समजून विनंती पुन्हा पाठवणारा क्लायंट लिहू नका, कारण एकच गाडी खात्यावर दोनदा चढते. एलिमेंट गैरहजर असणे, रिकामे असणे आणि निल (मूल्य नाही अशी खूण केलेले) असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्कीमामध्ये (एक्सएमएलच्या रचनेच्या व्याख्येत) निलेबल लिहिल्याशिवाय निल पाठवता येत नाही. रेस्ट या दुसऱ्या प्रकारच्या सेवेत 204 कोड आला तर जेसन (तिथला माहितीचा साचा) वाचायला जाऊ नका, तिथे मजकूर असूच शकत नाही.

चुकीचे वर्णन आधीच वापरात असेल तर त्याच ऑपरेशनला घाईने आउटपुट जोडू नका, कारण जुने क्लायंट त्या उत्तराची वाट पाहत नाहीत. त्या कारखान्यात ऐन हंगामात सगळे काटे थांबवणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही जुन्याशेजारी नव्या नावाचे ऑपरेशन उभे केले, एकेक काटा रात्रीच्या पाळीत त्यावर वळवला आणि शेवटचा काटा वळल्यावरच जुने ऑपरेशन वर्णनातून काढले.