उपदंश मेंदूपर्यंत पोहोचला तर: तपासणी आणि उपचार

गरमी म्हणजेच उपदंश मेंदूत शिरायला वीस वर्षं लागतात, हा समज आधी डोक्यातून काढा. हा जंतू लागण झाल्यावर कुठल्याही टप्प्यावर मज्जासंस्थेत पोहोचतो. सुरुवातीला डोकेदुखी, मान आखडणं, चेहरा वाकडा होणं. पुढे तरुण वयात पक्षाघात. फार उशिरा विसराळूपणा, स्वभाव पालटणं किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाणं. अचानक दिसेनासं किंवा ऐकू येईनासं झालं, तरी उपदंशाची तपासणी हवीच.

आधी रक्ताची व्हीडीआरएल आणि टीपीएचए, या उपदंशाच्या दोन रक्ततपासण्या. जुन्या आजारात व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबू नका. दोष रक्तात दिसला आणि वरची लक्षणं असली, की पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, सुईने काढायचं. त्यात दर मायक्रोलिटरला 5 पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी, वाढलेलं प्रोटीन आणि पाण्याची व्हीडीआरएल पाहतात. पाण्याची व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली तर निदान जवळजवळ पक्कं, मात्र सुई टोचताना पाण्यात रक्त मिसळलेलं नसावं. निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं होत नाही. बरेच रुग्ण इथेच निसटतात. एचआयव्हीची तपासणी सोबतच करावी.

खरी चूक उपचारात होते. कमरेत दिलं जाणारं 24 लाख युनिटचं बेंझाथिन पेनिसिलिन साध्या उपदंशाला उत्तम, पण मेंदूभोवतीच्या पाण्यात ते पुरेसं उतरत नाही. इथे भरती होऊन क्रिस्टलाइन पेनिसिलिन शिरेतून घ्यावं लागतं: दर 4 तासांनी 30 ते 40 लाख युनिट, म्हणजे दिवसाला 1.8 ते 2.4 कोटी, 10 ते 14 दिवस. रात्रीचे डोसही चुकवायचे नाहीत. व्हायलवरचं नाव दोनदा वाचा. बेंझाथिन चुकून शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. डोळ्याच्या आणि कानाच्या उपदंशालाही हाच कोर्स. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टर रोज 1 ते 2 ग्रॅम सेफट्रायॲक्सोन देऊ शकतात; गरोदर बाईला मात्र ॲलर्जी उतरवून (अगदी थोड्या डोसपासून वाढवत शरीराला सवय लावून) पेनिसिलिनच.

पहिल्या 24 तासांत ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. ती मरणाऱ्या जंतूंची प्रतिक्रिया, ॲलर्जी नव्हे, पॅरासिटामॉल पुरतं. अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली तर मात्र लगेच नर्सला हाक मारा.

जोडीदाराचीही तपासणी करा. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांचा दवाखाना) ती होते. नंतर व्हीडीआरएल ठरावीक काळाने त्याच लॅबमध्ये करावी. तिचा आकडा 1:64 वरून 1:16 वर आला म्हणजे चारपट उतार, उपचार लागू पडल्याची खूण. टीपीएचए बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहते, तेव्हा बरं झालो का हे बघायला तिच्यावर पुन्हा पैसे घालवू नका.