बिनटर्बोची गाडी: आधी गेलेला पिकअप शोधा, मग पैसे घाला

माझी स्विफ्ट 2014 ची, व्हीएक्सआय, पेट्रोल. 2022 च्या दिवाळीत घेतली तेव्हा मीटरवर 71 हजार किलोमीटर होते. नोकरी चाकणला, घर कोरेगाव तालुक्यात, म्हणजे दर पंधरा दिवसांनी खंबाटकी घाट ठरलेला. पहिल्याच फेरीत घाटात तिसऱ्या गिअरवर गाडीने दम टाकला. मागून ट्रॅव्हल्सवाला हॉर्न वाजवतोय, एसी बंद करून मी घामाघूम. घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं होतं की हिला ‘काहीतरी करून घ्यायचं’. रात्री मोबाईलवर फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर, कापडी एअर फिल्टर, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), सगळं बघून झालं. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं. सकाळी माझी यादी ऐकून एवढंच म्हणाले, “आधी बॉनेट उघड.”

या इंजिनावर एअर फिल्टरचा काळा डबा वरच बसतो. क्लिपा सोडवल्या, झाकण उचललं, तर आत उंदराचं घरटं. शेंगांची टरफलं, बॉनेटखालच्या अस्तराचा कुरतडलेला कापूस, आणि फिल्टरच्या घड्यांमध्ये तांबडी धूळ इतकी गच्च की कागद मूळचा कुठल्या रंगाचा ते कळेना. वर्षभर गाडी गोठ्याशेजारी उभी असायची, असं जुन्या मालकांनी तेव्हा हसत हसत सांगितलं होतं. नवा साधा कागदी फिल्टर तीनशेच्या आत आला. पुढच्या फेरीला तोच घाट, तीच गाडी, आणि एसी चालू.

बिनटर्बोच्या गाडीचं गणित यातच आहे. टर्बो हवा दाबून आत भरतो. आपल्या इंजिनाला बाहेर जेवढा हवेचा दाब असेल तेवढ्यावरच भागवावं लागतं. माझं इंजिन 1197 सीसीचं. कागदावर ताकद 87 पीएस, म्हणजे घोडे, तेही 6000 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), आणि टॉर्क, म्हणजे ओढा, 114 एनएम, 4000 ला. उंची वाढली की हवा विरळ होते आणि दर तीनशे मीटरला साधारण तीन टक्के ताकद जाते. म्हणजे साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात 87 चे पंचाहत्तरच उरतात. रिमॅपचंही तसंच. टर्बो गाडीत बूस्ट, म्हणजे तो दाबून भरलेल्या हवेचा दाब, वाढवता येतो म्हणून फरक जाणवतो, आपल्याकडे वाढवायला बूस्टच नाही. त्यामुळे ताकद विकत घ्यायच्या आधी गळालेली ताकद परत मिळवायची. ती स्वस्तात मिळते.

फिल्टरनंतर स्पार्क प्लग, पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडणारे. इंजिन पूर्ण थंड असतानाच हात घाला. प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला तर आटे जातात, आणि मग तीनशे-चारशेच्या कामाचे हजारो होतात. प्रत्येक प्लगवर त्याला वीज देणारी स्वतंत्र कॉइल असते. तिचा दहाचा बोल्ट काढा, कॉइल सरळ वर ओढा, खड्ड्यातली धूळ फुंकून साफ करा आणि मगच प्लग सोडा. चारही प्लग ओळीने कागदावर ठेवून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय. ओला तेलकट प्लग निघाला तर मिस्त्रीला दाखवा, ते घरचं काम नाही. माझे चारही काजळलेले होते, अर्थात उंदराच्या कृपेने. नवा प्लग आधी नुसत्या हाताने फिरवत बसवायचा. दोन-तीन आटे सहज गेले तरच पाना लावायचा. हाताला अडला तर काढून पुन्हा सरळ धरा, तिथे घाई करू नका.

मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. आतल्या पाकळीच्या कडेला काळा चिकट थर बसतो आणि सिग्नलला गाडी थरथरते. तेवढ्यापुरता स्प्रे आणि जुनी बनियन पुरते. पाकळी बोटाने जोरात ढकलू नका, ती इलेक्ट्रॉनिक असते.

ऑइलबद्दल सगळे बोलतात, म्हणून थोडक्यात. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं घाला. कंपनी 10 हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते, मी धुळीच्या रस्त्यामुळे साडेसात हजारांवर बदलते. फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास लागतं. ‘डबा उरलाय तर ओतून टाकू’ म्हणणाऱ्याला थांबवा, खुणेच्या वर गेलेलं ऑइलही नुकसानच करतं. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघायची. आणि ‘टायमिंग बेल्ट बदलायला झालाय’ असं कुणी सांगितलंच तर नमस्कार करून बाहेर पडा, या इंजिनाला चेन आहे.

ब्रेक ऑइल मात्र कुणाच्याच लक्षात नसतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला. उतारावर दुसऱ्या गिअरवर उतरा, ब्रेक अधूनमधून दाबायचा, पाय ठेवून बसायचं नाही. “गाडी चढवली त्याच गिअरवर उतरवायची,” हे आप्पांचं पहिल्या दिवशीचं वाक्य.

एवढं झाल्यावर हातात पैसे उरले असतील तर पहिला खर्च टायरवर करा. माझ्या गाडीला कंपनीचे 165/80 आर14 होते, म्हणजे रुंदी 165 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के आणि रिम 14 इंची. वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनीनेच 185/65 आर15 दिले होते. दोन्हींचं गणित करून बघा. 165 चे 80 टक्के 132, दुप्पट 264, अधिक 14 इंचाचे 355.6, एकूण 619.6 मिलिमीटर. दुसऱ्याचे 240.5 अधिक 381, म्हणजे 621.5. उंचीत फरक दोन मिलिमीटरचा, म्हणून स्पीडोमीटर खोटं बोलत नाही आणि चाक कुठे घासत नाही. मी झेडएक्सआयचे जुने रिम शोधून घेतले. चार बोल्ट आणि त्या बोल्टांचं 100 मिलिमीटरचं वर्तुळ, तेच बघायचं. सोळा-सतरा इंचाच्या मोहात पडू नका. चाक जड झालं की याच 87 घोड्यांना ते फिरवावं लागतं, आणि खड्ड्यात रिम वाकतो तो वेगळाच.

जुने टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी सात वर्षांचं रबर लाकूड झालेलं असतं. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, पंक्चरवाल्याच्या अंदाजावर नाही.

दुसरा खर्च उजेडाचा, आणि इथे मी शेण खाल्लंय. एका दुकानात ‘ताई, हे घ्या, रात्रीचा दिवस होईल’ म्हणून 100/90 वॅटचे (अपर/डिपर) बल्ब बसवून घेतले. मूळचे 60/55 चे. शिरवळच्या पुढे जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला. थांबून बॉनेट उघडलं तर डाव्या बल्बचा होल्डर चॉकलेटसारखा मऊ होऊन वायरीला चिकटलेला. उरलेला रस्ता एका दिव्यावर काढला. असले बल्ब बेकायदा आहेतच, शिवाय समोरच्याच्या डोळ्यांत खुपतात. माझ्या गाडीची खरी अडचण वेगळीच होती, हेडलाइटची काच पिवळी पडली होती. 800, 1500, 2000 असा पाण्यातला पॉलिश पेपर क्रमाने फिरवला, मग पॉलिश, वर ऊन अडवणारा यूव्हीचा थर. एक रविवार गेला. त्यानंतर रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) वायर हार्नेस, म्हणजे वेगळी जाड वायरिंग, घातला, त्यामुळे बल्बला बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज मिळतो. बल्ब तेच, 60/55.

सायलेन्सरचं म्हणाल तर सोडून द्या. आवाज वाढतो, खालच्या आरपीएमचा ओढा बहुतेक वेळा कमीच होतो, आणि चौकात पोलीस शिट्टी मारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. जो काही बदल कराल तो विमा कंपनीला आधीच कळवा, अपघातानंतर नव्हे. आमच्यासारख्या बीएस4 (प्रदूषणाच्या आधीच्या निकषाच्या) गाडीची पीयूसी वर्षभर चालते, तेवढी तारीख फोनमध्ये टाकून ठेवा.

राहिला पायाचा प्रश्न. टॉर्क 4000 ला असेल तर चढावर 1500 वर चौथा गिअर रेटून काय होणार? इंजिन ओरडलं की आपण बिचकतो, खरं तर ते तिथेच काम करतं. खंबाटकीत आता मी वळणाच्या आधीच तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येते, काटा साडेतीन-चार हजारांवर ठेवते, आणि ट्रॅव्हल्सवाला मागेच राहतो. हाफ क्लचवर मात्र चढायचं नाही, क्लच प्लेट लवकर जाते.

एअर फिल्टरचा डबा अजूनही दर महिन्याला उघडते. आप्पांनी बॉनेटच्या कोपऱ्यात तंबाखूची पुडी बांधून ठेवलीय, उंदरांसाठी. मागच्या महिन्यात डब्यात एकच शेंग सापडली, अख्खी, न फोडलेली.