गाडीला पोचा पडला? पेंट शाबूत असेल तर आधी या चुका टाळा

परवा वरुडकडचे एक काका गाडी घेऊन आले. घरासमोरच्या चिंचेवरून वानरानं थेट बोनेटवर उडी मारली होती, आपल्याकडे हे नवीन नाही, उन्हाळ्यात वानरं गावात शिरली की कौलं, पत्रे नि गाड्या तिन्हीचं नुकसान होतं. पण काकांच्या बोनेटवर मला वानराचा पोचा दिसलाच नाही. दिसले ते सात-आठ बारीक उंचवटे, आणि त्यातल्या एकावर पेंट चांदणीसारखा तडकलेला. विचारलं तर म्हणे, "बशीएवढं खोल होतं भाऊ, मी मागून लाकडी हातोडीनं जरासं ठोकलं, मले वाटलं पोरगं यायच्या आत निघून जाईन." वानराचा पोचा तासाभराचं काम होतं. हातोडीच्या त्या दहा ठोक्यांमुळे माझा अख्खा दिवस गेला, आणि जिथे पेंट तडकला तिथे टचिंग करावंच लागलं.

म्हणून हे लिहितोय. पेंट न करता पोचा काढायचं काम, ज्याला पीडीआर म्हणतात, ते मी नागपूरला शिकलो आणि आता वर्धा, अमरावती, यवतमाळच्या खेड्यापाड्यात फिरून करतो. सगळ्यात जास्त वाईट मला तेव्हा वाटतं जेव्हा निघण्यासारखा पोचा कुणाच्या तरी घाईनं निघण्याच्या पलीकडे गेलेला असतो. कंपनीतून गाडीवर जो पेंट बसून येतो तो भट्टीत साधारण 140 डिग्रीला भाजलेला असतो, थर सगळे मिळून 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या दोन केसांएवढी जाडी. तसा पेंट गावातच काय, मोठ्या शहरातल्या शोरूममध्येही परत बसत नाही, कारण जोडलेल्या गाडीत वायरिंग, रबर, प्लास्टिक सगळं असतं, ती एवढी तापवता येत नाही. तो पेंट शाबूत आहे तोवर तुमचं नुकसान फार थोडं आहे, हे आधी मनात पक्कं करा आणि मगच गाडीला हात लावा.

हातोडी

पहिली आणि सगळ्यात महागाची चूक हीच. पोचा म्हणजे नुसता खड्डा नसतो हो. पत्रा आत जातो तेव्हा त्याच्या कडेनं एक उंच कड तयार होते, अंगणात ओल्या मातीत टाच दाबली की बाजूची माती जशी वर येते तशी. ही कडच खड्ड्याला आत धरून ठेवते. आपण मागून खड्ड्याच्या मधोमध ठोकतो, कड तशीच राहते, मग पत्र्याला जायला जागा नसते आणि तो ताणला जातो. एकदा ताणला की मध्ये बोट ठेवलं तर टक्कन आत, सोडलं तर टक्कन बाहेर, तेलाच्या डब्याच्या बुडासारखं. असा पत्रा सपाट करणं माझ्यासारख्यालाही फार जड जातं.

खरं काम कसं चालतं ते सांगतो. पोच्यावर पट्ट्यांचा लाइट लावायचा, पत्र्यात त्या पट्ट्यांचं प्रतिबिंब बघायचं. पत्रा सरळ असेल तिथे पट्टी सरळ, पोचा असेल तिथे पट्टी वाकते, चिमटते. मग मागून लांब लोखंडी रॉड घालून त्याचं टोक खड्ड्याच्या बरोबर खाली आणायचं आणि दाबायचं, ठोकायचं नाही, दाबायचं, एकेका दाबात केसभर. मधूनमधून बाहेरच्या कडेला बोथट प्लास्टिकच्या टोकानं हलकं टिचकवून खाली बसवायचं. नजर सगळा वेळ पट्टीवर, पोच्याकडे नाही. शंभर-दोनशे दाब सहज लागतात. पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो, कधी त्याहूनही कमी, त्यामुळे एक दाब जास्त झाला की लगेच बाहेरून पुरळ उठल्यासारखा दिसतो.

उकळतं पाणी, हेअर ड्रायर, थंड स्प्रे

मोबाईलवर असे व्हिडिओ बघून दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. उकळतं पाणी बंपरला चालतं, कारण बंपर प्लास्टिकचा असतो, गरम झाला की मऊ पडतो आणि मागून हातानं दाबला की बऱ्याचदा आपल्या मूळ आकारात येतो. ते घरी करून बघायला हरकत नाही, फक्त आधी धूळ धुवून घ्या, हातमोजे घाला, मागे सेन्सर किंवा त्याची वायर आहे का बघा, आणि बंपरचा पेंट तडकलेला असेल तर करू नका, दाबताना पापुद्रे निघतात. हीट गन असेल तर ती एका जागी धरू नका, पेंटला फोड येतात आणि ते फोड मग कशानंच बसत नाहीत.

पण दरवाजा, बोनेट, डिकी, टप हे बहुतेक गाड्यांत लोखंडी पत्र्याचं असतं. उकळत्या पाण्यानं लोखंड मऊ पडत नाही. यवतमाळात मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात उभी राहते, पत्र्यावर हात ठेववत नाही इतका तापतो, संध्याकाळी निवतो, तरी कुणाचा पोचा आपोआप निघालेला मी पाहिला नाही. ड्रायरनं तापवून वर थंड स्प्रे मारल्यानं फार तर एखादा मोठा उथळ पसरट दाब टप्पकन बाहेर येतो, तोही आधीच यायच्या बेतात असेल तर. मोटारसायकलच्या हँडलचा, बैलाच्या शिंगाचा, कापसाच्या गाडीच्या साटीचा टोकदार पोचा त्यानं निघत नाही, उलट गरम-थंड करून पेंटलाच ताण बसतो.

सक्शनच्या रबरी वाटीचंही तेच. पसरट पोच्याला ठीक, टोकदाराला उपयोग शून्य. आणि ती लावायच्या आधी गाडी नीट धुवा, आपल्याकडची काळ्या मातीची धूळ वाटीखाली राहिली की गोल गोल ओरखडे पडतात.

ग्लूचा किट मागवला, आता?

ऑनलाइन मिळणारे ग्लू-किट वाईट नाहीत, तत्त्व बरोबर आहे, जिथे मागून रॉड जात नाही तिथे आम्हीही ग्लूच वापरतो. प्लास्टिकची टॅब गरम ग्लूनं पोच्यावर चिकटवायची, थंड झाली की ओढायची, मग स्पिरिट टाकून ग्लू सोडवायचा. पण दोन गोष्टी किटच्या कागदावर लिहिलेल्या नसतात.

एक, आपलं ऊन. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारा वाजता पत्रा एवढा तापलेला असतो की ग्लू बसतच नाही, चिकट लापशी होऊन टॅब घसरून येते, मग माणूस म्हणतो किट नकली आहे. हे काम सकाळी सात-आठच्या आत करा, सावलीत, गाडी रात्रभर निवलेली असताना. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत उलट, पत्रा आधी जरा कोमट करून घ्या, थंड पेंट कडक असतो, झटक्यानं ओढला तर तडकू शकतो. आणि गाडीवर वॅक्स किंवा पॉलिश मारलेलं असेल तर ते स्पिरिटनं पुसल्याशिवाय ग्लू धरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ओढण्याआधी तिथला पेंट कंपनीचा आहे का ते बघा. आपल्याकडे सेकंडहँड गाड्या खूप, नागपूर-पुण्याहून येतात, त्या आधी कुठे ठोकल्यात, कुठे लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरलीय हे विकणारा सांगत नाही. लांबीवर मारलेला पेंट ग्लूनं ओढला की टॅबसोबत रुपयाएवढा पापुद्रा हातात येतो. पुलगावजवळच्या एका शेतकरी दादाचं हेच झालं. दरवाज्यावर लिंबाएवढा पोचा होता, घरीच ओढला, पोचा निघाला नाही आणि खालची पांढरट लांबी उघडी पडली, तेव्हा त्याला कळलं की दोन वर्षांपूर्वी घेतलेली ही गाडी आधीच ठोकलेली होती.

हे तपासायला मशीन लागत नाही. साधं चुंबक पातळ कापडात गुंडाळा, पेंटला ओरखडा जाऊ नये म्हणून कापड, आणि पोच्याजवळ लावून बघा. मग तेच चुंबक गाडीच्या दुसऱ्या बाजूला, त्याच जागी लावा. एका बाजूला घट्ट आणि दुसरीकडे सैल धरत असेल तर सैल बाजूला लांबी आहे असं समजा. दोन्हीकडे अजिबातच धरलं नाही तर घाबरू नका, काही गाड्यांचं बोनेट ॲल्युमिनियमचं असतं, काहींचं मडगार्ड प्लास्टिकचं असतं. ॲल्युमिनियमचा पोचाही पेंटशिवाय काढता येतो पण ते काम हळू आणि कठीण, तिथे घरचा प्रयोग नकोच.

गॅरेजला टाकण्याआधी न विचारणं

गावातल्या डेंटरला मी नावं ठेवत नाही, मोठ्या ठोकरीतली गाडी तो अशी उभी करतो की मला ती जमणार नाही. पण त्याची पद्धत वेगळी आहे. तो पेंट घासून पत्र्यावर वेल्डिंगनं खिळे लावून ओढतो किंवा भोक पाडून हुकानं ओढतो, मग लांबी, घासाई, पेंट. बारीक पोच्यासाठी हे करायची गरज नसते. माझ्या स्वतःच्या आधीच्या गाडीच्या मागच्या दरवाज्याला एका गॅरेजात न विचारता तीन भोकं पाडली होती, वरून पेंट चकाचक, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथूनच गंज फुगून वर आला. तेव्हा मी या कामातला नव्हतो, पण ते डोक्यात राहिलं. म्हणून चावी देण्याआधी तोंडानं स्पष्ट विचारा, "भाऊ, पेंट न काढता करता का? भोक नाही ना पाडणार?" उत्तर गोलमाल आलं तर गाडी परत आणा, पोचा कुठे पळून जात नाही.

पोचा थांबू शकतो, पण तडकलेला पेंट थांबत नाही, हा फरक लक्षात घ्या. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून पोच्याच्या बुडाशी बघा, नखानं हलकं चाचपा. नखाला चीर लागली तर आत पाणी जाणार, आषाढात गंज धरणार. अशा वेळी पेंटशिवाय काढून घेता येतं पण त्या चिरेला टचिंग हवंच, आणि कुणी "काहीच दिसणार नाही" असं म्हणत असेल तर तो खरं बोलत नाही. तसंच पॅनलच्या अगदी कडेचा पोचा, पत्र्याला कंपनीनं दिलेल्या घडीच्या रेषेवरचा पोचा, जिथे आत दुसरा पत्रा चिकटलेला आहे तिथला पोचा, हे पूर्ण निघतीलच असं नाही. आकारावर जाऊ नका. परातीएवढा उथळ पोचा अर्ध्या तासात निघतो आणि हरभऱ्याएवढा खोल पोचा घडीच्या रेषेवर असेल तर दुपार खातो.

गारपीट आणि विमा

फेब्रुवारी ते एप्रिल आपल्याकडे गारांची भीती असतेच, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर संत्र्याच्या बागायतदारांना आजही आठवते. गारेचे पोचे पेंटशिवाय काढायला सगळ्यात योग्य, कारण बर्फ गुळगुळीत, पेंट सहसा फुटत नाही. पण टपावर चाळीस-पन्नास पोचे असतील तर आधी विमा कंपनीला कळवा, फोटो काढा, सर्व्हेअर बघून जाईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका, अर्धे काढून मग क्लेम करायला गेलात तर भांडण होतं. टपाच्या कडेला पडदा एअरबॅग (धडकेत खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असलेली गाडी असेल तर ते काम करणाऱ्याला आधी सांगा, तिथे रॉड भलतीकडे जाता कामा नये.

उलट, एका हँडलच्या पोच्यासाठी क्लेम टाकणं ही चूक आहे. क्लेम न केल्याबद्दल नो क्लेम बोनस मिळतो, पहिल्या वर्षाला 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर सूट. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो. वर 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 आणि त्यापुढे 2000 रुपये आपल्या खिशातून जातातच. कागदावर एकदा हिशोब मांडा, मग ठरवा.

गाडी ताब्यात घेताना

संध्याकाळी उशिरा, ट्यूबलाइटखाली गाडी घेऊ नका. पांढऱ्या गाडीत तर पोचा उरला तरी कळत नाही. उजेडात घ्या, आणि पॅनलकडे सरळ बघू नका, बाजूनं तिरपं बघा, त्यात विजेचा खांब किंवा घराच्या भिंतीची कड दिसेल असे उभे राहा आणि हळूहळू मागेपुढे सरका. खांबाची रेघ कुठे थरथरली की तिथे काम राहिलंय. दरवाज्याचं काम असेल तर काच दोनदा पूर्ण खाली-वर करा, रॉड काचेच्या फटीतून जातो, रबर उलटलेलं राहिलं की पावसात पाणी आत येतं. आत रॉड घासला असेल तिथे गंज न धरायचं वॅक्स मारलं का ते विचारा, आणि दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात ती वॅक्सनं बुजली नाहीत ना, ते काडी घालून बघा.