लारावेलमध्ये नवीन आहात? आधी कॉन्फिग फोल्डर वाचा

फर्मागुडीला इंजिनिअरिंग करून किंवा क्लासमध्ये पीएचपी शिकून पणजी-पर्वरीकडच्या छोट्या वेब कंपनीत लागलात, की कोरा प्रोजेक्ट क्वचितच मिळतो. हातात पडतो तो दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, चालू असलेला: होमस्टेचं बुकिंग, नाहीतर भाड्याच्या स्कूटरची साइट. मीही अशाच कामांवर शिकलो. तो प्रोजेक्ट लारावेलमध्ये, म्हणजे पीएचपीच्या या तयार फ्रेमवर्कमध्ये असेल, तर कंट्रोलर (पानांची मुख्य कामं करणारा कोड) उघडण्याआधी कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जचं फोल्डर वाचून काढा. मेल कुठून जातो, डेटाबेस कुठला, फोटो कुठे साठतात, सगळं तिथे कळतं.

पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या असतात डॉट-एन्व्ह फाइलमध्ये. ती गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांचा कोड जिथे साठतो तिथे, कधीच टाकायची नाही. गिटमध्ये जाते ती तिची एक्झाम्पल प्रत, सेटिंग्जची नावं असलेली पण खऱ्या किमती (व्हॅल्यू) नसलेली. कॉन्फिगमधल्या फाइली एन्व्ह फंक्शनने या किमती उचलतात आणि बाकीचा कोड कॉन्फिग फंक्शनकडे मागतो. 'मेल.फ्रॉम.ॲड्रेस' असं मागितलं की मेल नावाची फाइल, तिच्यातला फ्रॉम, त्यातला ॲड्रेस.

आता मुद्द्याचं. एन्व्ह फंक्शन कॉन्फिग फोल्डरच्या बाहेर वापरू नका, एकदाही नाही. लॅपटॉपवर ते बिनबोभाट चालतं, म्हणूनच ते फसवं आहे. लाइव्ह सर्व्हरवर वेगासाठी 'कॉन्फिग:कॅश' ही आर्टिसनची, म्हणजे लारावेलच्या टर्मिनलवरच्या साधनाची, कमांड चालवतात. ती सगळ्या सेटिंग्ज एका फाइलमध्ये गोळा करते आणि त्यानंतर लारावेल डॉट-एन्व्ह वाचतच नाही. एका होमस्टेच्या साइटवर ऐन सीझनच्या तोंडावर हेच झालं होतं. पेमेंटची किल्ली थेट कंट्रोलरमधून एन्व्हने मागितलेली. सेटिंग्ज कॅश केल्याबरोबर तिथे नल, म्हणजे रिकामी किंमत आली आणि पैसे भरायचं पान बंद पडलं. सगळे गेटवेला दोष देत बसले होते. ती ओळ सर्व्हिसेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये हलवली, कंट्रोलरमधून कॉन्फिग फंक्शनने मागितली, पुन्हा कॅश केलं आणि पेमेंट सुरू झालं.

डॉट-एन्व्हमध्ये काही बदललं की पुन्हा कॅश करायला हवं, हे यातच आलं. क्यू वर्कर, म्हणजे मागच्या मागे रांगेतली कामं उरकणारा प्रोग्राम, चालू असेल तर तोही 'क्यू:रीस्टार्ट'ने नव्याने उठवा, कारण तो जुन्या किमती मेमरीत धरून बसलेला असतो.

टाइमझोनबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण गोव्यात लोक रात्री उशिरा बुकिंग करतात. लारावेलचा मूळ टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. 1 जानेवारीला पहाटे दोन वाजता कुणी खोली घेतली तर यूटीसीत अजून 31 डिसेंबरच असतो. पावतीवर तारीखच नव्हे, वर्षही मागचं येतं. नवीन प्रोजेक्ट असेल आणि धंदा फक्त इथलाच असेल तर कॉन्फिगमधल्या ॲप फाइलमध्ये 'एशिया/कोलकाता' लिहून मोकळे व्हा. चालू साइटवर मात्र हे सरळ करू नका. डेटाबेसमधल्या जुन्या वेळा यूटीसीत साठलेल्या असतात आणि बदलानंतर त्या भारतीय वेळ म्हणून वाचल्या जातात. तिथे साठवण यूटीसीतच ठेवा, दाखवताना बदला. कोडमध्ये जागोजागी साडेपाच तास मिळवलेले दिसले तर मात्र ते काढायचा आग्रह धरा, वरिष्ठांनी लिहिलेले असले तरी.

कॉन्फिगचा एक स्वभाव मला खरंच आवडत नाही: मागितलेल्या सेटिंगच्या नावात अक्षर चुकलं तरी तो तक्रार करत नाही, गुपचूप नल देतो. मागताना नावापुढे डिफॉल्ट (नसेल तर वापरायची किंमत) दिला असेल तर तोच येतो आणि चूक आणखी झाकली जाते. म्हणून पेमेंट, मेल अशा नाजूक सेटिंग्जना डिफॉल्ट देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. लारावेल 11 पासून कॉन्फिग फसाडवर (सेटिंग्ज मागायचा लारावेलचा तयार क्लास) स्ट्रिंग, इंटिजर, बूलियन अशा मेथड मिळतात. मागितलेल्या प्रकारची किंमत नसेल तर त्या तिथल्या तिथे एक्सेप्शन फेकतात, म्हणजे चूक लगेच समोर येते. नव्या कोडमध्ये त्याच वापरा.

आणि शंका आली की अंदाज बांधत बसू नका. 'कॉन्फिग:शो' कमांडपुढे फाइलचं नाव दिलं की ॲपला प्रत्यक्षात काय दिसतंय ते टर्मिनलवर येतं. त्यात पासवर्डही उघडे छापले जातात, तेव्हा त्याचा स्क्रीनशॉट ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.