प्लिंथवरचं (चौथऱ्यावर मांडून ठेवलेलं) स्टीम इंजिन गंजापासून कसं वाचवायचं

नेरळला माथेरान लाईनचं जुनं इंजिन ठेवलंय ना, जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेलचं, 1907 ला सुरू झालेल्या दोन फुटी गेजवर धावलेलं, तसं एखादं इंजिन तुमच्या ग्रुपला जपायचं असेल तर आधी रेल्वेची लेखी परवानगी घ्या आणि हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

सगळ्यात आधी स्मोकबॉक्स, म्हणजे बॉयलरच्या पुढचा धुराड्याखालचा डबा, बघा! आत जुनी राख असते, तिला ओल लागली की अ‍ॅसिड तयार होतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो, बाहेरून रंग मात्र चकाचक. म्हणून राख पूर्ण काढा, कोपऱ्यातली खरवडून काढा, आणि पावसाळ्याआधी धुराड्यावर झाकण बसवाच. टाकीत, कॅबच्या (ड्रायव्हरच्या केबिनच्या) तळाशी पाणी साचत असेल तर निचऱ्याची भोकं मोकळी करा.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासू नका, मास्क हवाच. बॉयलरभोवतीच्या आवरणात अ‍ॅसबेस्टॉस असायचं, ते उघडू नका, ते तज्ज्ञांचंच काम. गंज काढला की लगेच प्राइमर, मग रंग. कनेक्टिंग रॉड (चाकं फिरवणारे दांडे) मात्र प्लीज रंगवू नका, स्वच्छ पुसून ग्रीस लावा, आणि मेकरची प्लेट (बनवणाऱ्या कंपनीच्या नावाची पाटी) रंगाखाली घालवू नका.