सिरियल केबलवरून फाइल कशी उतरवून घ्यावी: एक्समोडेम, वायमोडेम, झेडमोडेम आणि कर्मिट

राउटर, औद्योगिक कंट्रोलर, छोटा लिनक्स बोर्ड किंवा प्रयोगशाळेतलं जुनं मोजयंत्र. नेटवर्क नाही, पेनड्राइव्ह लावायची सोय नाही आणि हवी असलेली फाइल आत अडकलेली. अशा वेळी कन्सोलची सिरियल केबल एवढीच वाट उरते. त्या वाटेने फाइल एकही बाइट न बदलता बाहेर काढता येते. बहुतेकांचं घोडं अडतं ते प्रोटोकॉलपाशी, म्हणजे एक्समोडेम, झेडमोडेम अशा फाइल पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतींपाशी, नाही; त्याच्या आधीच, केबल आणि पोर्टच्या सेटिंगपाशी. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१. केबल आणि पोर्ट

आधी व्होल्टेज बघा. खऱ्या आरएस-२३२ पोर्टवरचा सिग्नल धन आणि ऋण अशा दोन्ही बाजूंना ३ ते १५ व्होल्टपर्यंत जातो. बोर्डावरच्या उघड्या पिना मात्र बहुधा ३.३ किंवा ५ व्होल्टच्या टीटीएल पातळीच्या असतात. पहिल्याची केबल दुसऱ्याला थेट लावली तर चिप जळू शकते. पातळी जुळली की एकाची टीएक्स (पाठवणारी वायर) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणाऱ्या वायरीला), त्याची टीएक्स आपल्या आरएक्सला, आणि ग्राउंड ग्राउंडला. दोन संगणक आपसात जोडायचे असतील तर नल मोडेम केबल घ्या. तिच्यात ही अदलाबदल आतच केलेली असते.

लिनक्सवर यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावला की पोर्ट सहसा टीटीवाय-यूएसबी-० किंवा टीटीवाय-एसीएम-० या नावाने दिसतो. पोर्ट उघडायला परवानगी मिळत नसेल, तर डेबियन आणि उबुंटूवर आपला युजर 'डायलआउट' ग्रुपमध्ये घाला आणि पुन्हा लॉगिन करा.

वेग (सेकंदाला किती बिट, जसं ९६०० किंवा १,१५,२००) दोन्हीकडे एकच हवा. त्याशिवाय ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखायला जोडलेला जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट. जुनं उपकरण ७ बिट आणि इव्हन पॅरिटीवर असेल तर फसगत होते: स्क्रीनवरचा मजकूर स्वच्छ वाचता येतो, पण आठवा बिट जायला जागाच नसल्याने एक्समोडेमने फाइल कधीच येत नाही.

२. फ्लो कंट्रोल

फ्लो कंट्रोल म्हणजे घेणाऱ्याने पाठवणाऱ्याला 'थांब' आणि 'चालू कर' सांगायची सोय. सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोलमध्ये १९ किमतीचा बाइट म्हणजे 'थांब' आणि १७ म्हणजे 'चालू कर'. टायपिंगपुरतं हे ठीक आहे. पण झिप केलेल्या फाइलमध्ये ० ते २५५ मधला कुठलाही बाइट कुठेही येतो, आणि एक्समोडेम व वायमोडेम ते जसेच्या तसे पाठवतात. मग १९ दिसला की ड्रायव्हर तो गिळून टाकतो आणि पाठवणं थांबवतो. दर वेळी त्याच ब्लॉकवर ट्रान्सफर अडत असेल तर पहिला संशय यावरच घ्यावा. एक्समोडेम आणि वायमोडेमसाठी सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल बंदच ठेवा. झेडमोडेम हे बाइट वेगळ्या रूपात गुंडाळून पाठवतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

हार्डवेअर फ्लो कंट्रोल चांगला, पण आरटीएस आणि सीटीएस या 'थांब-चालू' सांगणाऱ्या वेगळ्या वायरी खरोखर जोडलेल्या असतील तरच. मिनिकॉम या लिनक्सवरच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये तो बहुधा आधीपासून सुरू असतो. तीन वायरींच्या केबलवर त्याचा परिणाम असा दिसतो की उपकरणाचे संदेश छान येतात, पण आपण दाबलेली अक्षरं जातच नाहीत. कंट्रोल-ए, मग ओ, तिथे सिरियल पोर्ट सेटअप, आणि त्यात 'एफ' दाबून तो बंद करा.

आता समोरच्या यंत्रावर भरपूर मजकूर ओकणारी एखादी कमांड चालवा. अक्षरं गळत असतील किंवा मध्येच कचरा येत असेल तर पुढे जाऊच नका. वेग कमी करा आणि पुन्हा बघा.

३. लाइन शांत ठेवा

पोर्ट एकाच प्रोग्रॅमने उघडलेला हवा. दुसरा प्रोग्रॅमही वाचत बसला असेल तर आलेले बाइट दोघांत वाटले जातात आणि कोणाच्याच हाती पूर्ण ब्लॉक लागत नाही. लिनक्सवरचा मोडेम मॅनेजर नव्या पोर्टवर स्वतःहून कमांड पाठवून बघू शकतो. त्याला तात्पुरतं थांबवा. समोरचं यंत्रही लिनक्सचं असेल आणि हीच त्याची कन्सोल लाइन असेल, तर कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश फाइलच्या मधोमध घुसतात. 'डीमेसेज' कमांडला 'उणे एन १' हा पर्याय दिला की अगदी गंभीर संदेश सोडून बाकीचे कन्सोलवर येत नाहीत.

४. प्रोटोकॉल निवडा

यातला कुठलाही प्रोटोकॉल बिघडलेला बाइट जागच्या जागी दुरुस्त करत नाही. तो बिघाड ओळखतो आणि तेवढा भाग पुन्हा मागवतो.

एक्समोडेम सगळ्यात जुना, वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये लिहिलेला. तो नीट समजला की बाकीचे आपोआप कळतात. प्रत्येक ब्लॉकची सुरुवात १ या बाइटने होते. मग ब्लॉकचा क्रमांक, मग २५५ मधून तो क्रमांक वजा करून आलेला आकडा, मग १२८ बाइट डेटा आणि शेवटी त्या डेटाची बेरीज, तीही फक्त एका बाइटात मावेल एवढी. घेणारा बेरीज ताडून बघतो. जुळली तर ६ पाठवतो, म्हणजे 'मिळालं'. नाही जुळली तर २१, म्हणजे 'पुन्हा पाठव'. गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार दिल्याशिवाय सांगणारा पुढे सरकत नाही, तसंच हे. हुंकारच वाटेत हरवला तर? पाठवणारा तोच ब्लॉक पुन्हा देतो, घेणारा क्रमांकावरून ओळखतो की हा आपल्याकडे आहे, तो टाकून देतो आणि पुन्हा ६ पाठवतो.

नुसत्या बेरजेत एक भोक आहे: दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. म्हणून नंतर १६ बिटांचा सीआरसी, म्हणजे बाइटांचा क्रमही धरणारी जास्त पक्की तपासणी, आला. घेणाऱ्याला सीआरसी हवा असेल तर तो सुरुवातीला २१ ऐवजी इंग्रजी 'सी' अक्षर पाठवतो.

एक्समोडेमची खरी दुखणी दोन. एक म्हणजे तो फाइलचं नाव आणि आकार सांगत नाही. सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइल १२८ बाइटांच्या तुकड्यांतच मोजली जाई, त्या काळाची ही खूण. शेवटचा ब्लॉक भरला नाही तर उरलेली जागा बहुधा २६ या बाइटने भरली जाते आणि तो भराव आपल्या फाइलला चिकटून येतो. दुसरं दुखणं म्हणजे वेग. १,१५,२०० च्या वेगाला १२८ बाइटांचा ब्लॉक जेमतेम १२ मिलिसेकंदांत येतो, पण एफटीडीआय कंपनीच्या चिपच्या यूएसबी-सिरियल अडॅप्टरमध्ये छोटे तुकडे साठवून पुढे देण्याची मुदत मुळात १६ मिलिसेकंदांची असते. म्हणजे काम कमी आणि वाट पाहणं जास्त, तेही एका एमबीसाठी ८१९२ वेळा.

वायमोडेम पहिल्याच, म्हणजे शून्य क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये नाव आणि आकार पाठवतो आणि १०२४ बाइटांचे ब्लॉक वापरतो. झेडमोडेम चक फोर्सबर्ग यांचा, १९८६ चा. तो प्रत्येक ब्लॉकला थांबत नाही, सलग पाठवत राहतो. चूक सापडली तर घेणारा 'अमुक बाइटापासून पुन्हा' असं सांगतो. ३२ बिटांचा सीआरसी आहे आणि अर्धवट राहिलेली फाइल पुढे सुरू करता येते. कर्मिट कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये जन्मला. ७ बिटांच्या, विचित्र वागणाऱ्या लाइनवरूनही जाता यावं म्हणून तो छोटी पाकिटं करतो आणि नियंत्रणाचे बाइट साध्या अक्षरांत बदलतो.

माझं मत सरळ आहे: दोन्हीकडे झेडमोडेम असेल तर दुसरा विचार करू नका. नसेल तर वायमोडेम. लाइनच वेडीवाकडी असेल तर कर्मिट. एक्समोडेम फक्त बूटलोडरसारख्या (यंत्र सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) ठिकाणी, जिथे दुसरं काही मिळतच नाही.

५. प्रत्यक्ष फाइल घ्या

लिनक्सवर एलआरझेडएसझेड हे पॅकेज टाका. मिनिकॉम आणि पिकोकॉम हे दोन्ही टर्मिनल प्रोग्रॅम आतून त्याच्याच कमांड वापरतात. विंडोजवर टेराटर्म घ्या. पुट्टीमध्ये फाइल ट्रान्सफरची सोय नाही.

मोठी लॉग फाइल आधी समोरच्या यंत्रावरच जीझिप करा. ८ डेटा बिटांमागे स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट जातात, म्हणजे १,१५,२०० ला सेकंदाला जास्तीत जास्त ११,५२० बाइट. एका एमबीला साधारण दीड मिनिट. ९६०० ला तेच १८ मिनिटांवर जातं. फाइलचा बाइटांतला आकार आणि शा-२५६ बेरीज (फाइलच्या बाइटांवरून निघणारा ठसा; एक बाइट बदलला तरी तो बदलतो) तिथेच काढून टिपून ठेवा.

मग समोर 'एसझेड' आणि पुढे फाइलचं नाव द्या. मिनिकॉम झेडमोडेमची सुरुवात ओळखून स्वतःच फाइल घ्यायला लागतो. नाही लागला तर कंट्रोल-ए, मग आर, आणि यादीतून झेडमोडेम. पिकोकॉममध्ये कंट्रोल-ए आणि कंट्रोल-आर. टेराटर्ममध्ये फाइल मेनू, ट्रान्सफर, झेडमोडेम, रिसीव्ह. वायमोडेमसाठी समोरची कमांड 'एसबी', एक्समोडेमसाठी 'एसएक्स'; एक्समोडेमला फाइलचं नाव आपल्या बाजूला आपणच द्यायचं. तिथे पाठवणारा मुकाट थांबलेला असतो आणि सुरुवात घेणाऱ्याने करायची असते, त्यामुळे समोर कमांड दिली की रेंगाळू नका.

६. अडलं तर

स्क्रीनवर 'सी सी सी' अशी अक्षरं थांबून थांबून येत असतील तर समोरचाही घ्यायलाच बसलाय; दिशा उलटी झाली आहे. दोन तारे, 'बी' आणि पुढे शून्यांची रांग दिसली तर झेडमोडेम दार ठोठावतोय आणि आपला टर्मिनल ते ओळखत नाहीये; हाताने रिसीव्ह सुरू करा. 'बी'नंतर ०१ असेल तर मात्र तोही घेणाराच. स्क्रीन गोठली तर कंट्रोल-एक्स पाच-सहा वेळा लागोपाठ दाबा: तो २४ किमतीचा 'रद्द' बाइट आहे.

ट्रान्सफर सुरू होतो, पण चुकांचा आकडा सतत वाढतो? छोट्या उपकरणाचा बफर भरून वाहतोय. वेग एक पायरी खाली आणा. एसझेडच्या 'डब्ल्यू' पर्यायाने एका दमात किती बाइट पाठवायचे याला मर्यादाही घालता येते. अर्धवट राहिलेली फाइल झेडमोडेमने समोरच्या एसझेडला 'आर' पर्याय देऊन पुढे सुरू करा.

समोर यातली एकही कमांड नसेल तर बेस-६४ (फाइल साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) करून मजकूर स्क्रीनवर छापा, आपल्या टर्मिनलचा लॉग सुरू ठेवा आणि नंतर उलटा उलगडा करा. यात मध्ये चूक पकडणारं कोणी नाही, त्यामुळे बेरीज ताडल्याशिवाय ती फाइल वापरू नका.

७. ताडून बघा

आलेल्या फाइलची शा-२५६ काढा आणि टिपलेलीशी जुळवा. एक्समोडेमने घेतलेली फाइल इथे हमखास नापास होते, ती त्या भरावामुळे. मूळ आकार आपण टिपला आहेच. 'हेड' कमांडला 'उणे सी' आणि तो आकडा देऊन तेवढेच बाइट नव्या फाइलमध्ये घ्या आणि बेरीज पुन्हा काढा. तरीही जुळली नाही तर समोरच्या मूळ फाइलची बेरीज परत एकदा काढा: लॉग अजून लिहिला जात असेल, तर तो मधल्या वेळात बदललेला असतो.