सशाची हनुवटी ओली दिसली तर

सशाला 28 दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर! ते झिजतात गवत चावून. गाजर, पाव, बिस्किटं यांनी नाही (गाजराचं चित्र कार्टूनवाल्यांनी आपल्या डोक्यात बसवलंय).

हनुवटी ओली, डोळ्यातून पाणी, घास तोंडातून पडणं, लेंड्या बारीक होणं, ही न झिजता वाढलेल्या दाढा तोंडात टोचत असल्याची चिन्हं. 10-12 तास काहीच खाल्लं नाही, तर उद्यावर ढकलू नका. आतडी मंदावून जीव जाऊ शकतो. नेलकटरने दात कापणं तर नकोच, दात उभा चिरतो.

कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला ससे माहीत असतातच असं नाही. फोनवर विचारा: महिन्याला किती ससे तपासता? दाढा आतून बघता का, गरज पडल्यास डोक्याचा एक्स-रे काढता का? आणि माझा आवडता प्रश्न: भूल देण्याआधी रात्रभर उपाशी ठेवायचं का? ‘हो’ म्हणाले तर दुसरा डॉक्टर शोधा. उपाशी ठेवतात ते भुलेत उलटी होऊ नये म्हणून, पण सशाला उलटी होतच नाही, उपास मात्र घातक ठरतो. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन (एक अँटिबायोटिक) लिहून दिलं तरीही दुसरा डॉक्टर शोधा.